कर्जाचे कारण: समुद्र पाहणे

टेंभुर्णी,
गुरुवार, मधली सुट्टी (मुलं खिचडी खात आहेत, मी पत्र लिहीत आहे)

आदरणीय मामा आणि मामी,

तुमचा एकुलता एक जावई राजानंद याचा टेंभुर्णीहून जय भीम पोहोचावा. इकडे आम्ही चौघे ठीक आहोत. तुमची मुलगी ठीक आहे, पायल ठीक आहे, सुमित गरजेपेक्षा जास्त ठीक आहे. मला काळजी लागली आहे ती मामा, तुमच्या तब्येतीची. कशी आहे? खरं सांगा. मागच्या महिन्यात केदारखेड्याला आलो होतो तेव्हा जेवून उठताना तुम्ही जमिनीला हात टेकला होता. एकच हात, पण टेकला होता, मी पाहिलं. पाठ कशी आहे? मणका? एकतीस वर्षं एसटीच्या ड्रायव्हर सीटवर बसलेल्या माणसाचा मणका आपल्या रस्त्यांवर जागेवर राहतो हे मला विज्ञानाचा शिक्षक म्हणून पटतच नाही. काहीच दुखत नसेल तर तेही चांगलं लक्षण नव्हे असं मी कुठंतरी वाचलं आहे. बाहेरच्या खोलीतला लोखंडी पलंग अजून तिथंच आहे ना? आणि ती जाड निळी चादर? (सहज विचारतो. मामींनी ती कुणाला देऊन टाकली नसावी, एवढंच.)

फोन सोडून जावयानं कागद का काळा केला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की आमच्या घरातला फोन आता सार्वजनिक झाला आहे. त्याचा पासवर्ड पायल ठरवते आणि मला आठवड्यातून एकदा कळवते. आणि तुमचा फोन तर पहिल्यापासून सार्वजनिकच आहे, कारण तुम्ही तो स्पीकरवर टाकून पारावर बसता. मागे मी तुमच्याशी माझ्या मूळव्याधीचं बोललो, तर दुसऱ्या दिवशी केदारखेड्याच्या तीन अनोळखी माणसांनी मला फोन करून औषध सांगितलं (त्यातलं एक लागू पडलं, त्यांना माझा नमस्कार सांगा). तेव्हा हे पत्र तुमच्या गावावरून जाणाऱ्या गाडीच्या चालकाकडे देत आहे. तुम्हाला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ‘तातेराव मिस्त्रींच्या नव्हे, तातेराव ड्रायव्हरच्या घरी’ एवढं सांगितलं की ती माणसं गाडी थांबवून, स्वतः उतरून पत्र देतात. एवढा मान आमच्या खात्यात शिक्षणाधिकाऱ्यालाही नाही.

आता मुद्द्याचं. मला तुमचा सल्ला हवा आहे. प्रश्न साधा आहे: दिवाळीच्या सुट्टीत बायको-पोरांना फिरायला न्यायचं, तर त्यासाठी कर्ज काढावं का? तुमचं मत मला तोंडपाठ आहे. माझ्या लग्नाच्या आधी, साखरपुड्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही मला बाजूला न घेता सांगितलं होतं, “पाव्हणं, कर्ज घराला काढा, लेकरायच्या शाळेला काढा. फिरायला काढू नका. मी जिंदगीभर फिरलो, एक रुपया लागला न्हाई, उलट पगार भेटला.” तेव्हा सगळे हसले होते आणि मीही हसलो होतो. पण मामा, सगळ्यांनाच फिरायचा पगार मिळत नाही, ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

आणि खरं तर या कर्जाची सुरुवात साखरपुड्याच्याही आधी, तुमच्याच घरात झाली आहे. मुलगी पाहायला आलो होतो तेव्हा मी पुस्तकात वाचल्यासारखं संध्याला म्हणालो, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं पगार विचारेल, शेत विचारेल, फार तर स्वभाव विचारेल. ती म्हणाली, “तुमी समुद्र पाह्यला का?” मी पाहिला होता, कॉलेजात असताना एकदा दादरला, पण पुढच्या माणसाच्या खांद्यावरून. तरी ‘हो’ म्हणालो, आणि भलत्या उत्साहात पुढं ‘तुम्हालाही दाखवीन’ असं बोलून गेलो. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात मी तिला नागपूर दाखवलं, वेरूळ दाखवलं, जालन्याच्या मोंढ्यात दोनदा नेलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जायकवाडीच्या धरणावर उभं करून म्हणालो, समुद्र असाच असतो, फक्त पलीकडचा काठ नसतो. ती बराच वेळ पलीकडच्या काठाकडं बघत राहिली आणि म्हणाली, “मंग असाच कसा?” त्यानंतर मी धरणं दाखवणं बंद केलं.

तिला हे समुद्राचं वेड लावलं कुणी, हेही एकदा कागदावर येऊ द्या. ती दुसरीत असताना तुम्ही सहा डिसेंबरची जादा गाडी घेऊन मुंबईला गेला होता. चैत्यभूमीवर डोकं टेकवून झाल्यावर तुम्ही किनाऱ्यावर गेलात, औषधाची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्यानं भरलीत आणि बूच घट्ट लावून केदारखेड्यापर्यंत ड्रायव्हर सीटच्या मागे जपून आणलीत. लेकीला म्हणालात, हा घे समुद्र. लेकीनं काय करावं? तिनं तो एका घोटात पिऊन टाकला. मग उलटी, मग मामींनी तुम्हाला जे बोलायचं ते बोलणं, हा इतिहास मला दर खेपेला जेवताना ऐकायला मिळतो. तुम्ही तो हसत सांगता. पण त्याचा परिणाम असा झाला आहे की माझ्या बायकोनं समुद्र चाखलेला आहे आणि पाहिलेला नाही. अशी बाई साऱ्या मराठवाड्यात दुसरी नसेल.

तरीही सगळं सुरळीत चाललं होतं. पण उन्हाळ्यात आमचे शेजारी रामराव (खताचं दुकान, पांढरी गाडी, तुम्ही त्यांना पायलच्या वाढदिवसाला भेटलात) सहकुटुंब तारकर्लीला जाऊन आले, आणि तेही हप्त्यावर. आता अशा कंपन्या निघाल्या आहेत की आधी फिरून या आणि मग दीड वर्ष पैसे भरत बसा. त्यांच्या मुलानं, हरिओमनं, मोबाइलवर समुद्राचे सत्तेचाळीस फोटो लावले. संध्यानं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सगळेच्या सगळे पाहिले. एकही शब्द बोलली नाही. मामा, तुमची लेक बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती गप्प बसली की मी घरातली लहानसहान कामं आपणहून करायला लागतो. मी गॅसची नळी बदलली, माळ्यावरची पेटी उतरवून परत चढवली, शेवटी न राहवून विचारलं, काय झालं? तर म्हणाली, “मी काई म्हणून राह्यले का?” एवढं म्हणून तिनं कणीक अशी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

मी रामरावांना विचारायला गेलो. ते दुकानात युरियाच्या पोत्यावर बसून होते. म्हणाले, “गुरुजी, फोटू पाहून भुलू नका. समुद्र तीन दिवस पाह्यला, हप्ता अठरा म्हैने पाहायचाय. फोनवर हप्त्याचा मेसेज आला का मला लाटांचा आवाज येतो.” मला पटलं. मी उठलो, तेवढ्यात आतून उषाबाई आल्या. जाताना घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांना उलटी झाली होती, परतताना वळणं उलट्या क्रमानं आली, बाकी तेच. त्या म्हणाल्या, “त्यायचं ऐकू नका, भाऊ. म्या पाय भिजवले. अजून गार लागून राह्यलेत.” आता एकाच घरात नवरा-बायकोची अशी दोन मतं असतील तर शेजाऱ्यानं काय ठरवावं? मी दोघांनाही बरोबर आहे म्हणालो आणि घरी आलो.

मग आम्ही कुटुंबाची सभा घेतली. पायल म्हणाली तारकर्लीच. पुढच्या वर्षी तिची बारावी, मग ती शिकायला बाहेर जाईल आणि मग आपण चौघं एका गाडीत परत कधी बसणार, असं तिनं विचारलं. (हे वाक्य तिनं मुद्दाम माझ्यासाठी तयार केलं होतं हे मला कळलं, पण कळून उपयोग झाला नाही.) सुमित म्हणाला गोवा. मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तोही तारकर्ली म्हणाला. संध्या म्हणाली, “मला कुठंबी चालंल. पाणी खारट पाह्यजे.” मी हिशेब मांडला. भाड्याची गाडी, तिचा ड्रायव्हर, ड्रायव्हरचं जेवण, ड्रायव्हरची झोप, आमची झोप, मासे, परत मासे, डॉल्फिन पाहण्याची नाव, आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर पोरांची समजूत काढण्याचा खर्च. सत्तर हजार. माझा पगार चांगला आहे असं तुम्ही चारचौघांत सांगता, त्याबद्दल आभारी आहे, पण तो पाच तारखेला येतो आणि सहा तारखेला घराचा हप्ता, पायलचा क्लास आणि किराणा असे तिघं मिळून त्याला घेऊन जातात. शिल्लक टाकून जायचं म्हटलं तर मी काढलेल्या त्रैराशिकाप्रमाणे समुद्र चार वर्षं दोन महिन्यांनी दिसतो. तोवर पायल कुठं असेल आणि डॉल्फिन कुठं असतील, काय सांगावं?

मला स्वतःलाही अवघड झालं होतं, हे सांगतो. मी चौथीच्या मुलांना बचतीचं महत्त्व शिकवतो. मातीचा गल्ला घेऊन वर्गात जातो, तो वाजवून दाखवतो. आता त्याच मुलांना ‘बाळांनो, सर कर्ज काढून पोहायला गेले आहेत’ हे कसं कळवायचं? (पोहता येत नाही हा आणखी वेगळा मुद्दा.) दोन दिवस मी ठरवत होतो की जायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्यानं शिवायला आलेल्या एका निळ्या कापडाचा मोठा तुकडा जमिनीवर पसरला, त्याला सुरकुत्या होत्या, आणि ती कात्री हातात घेऊन नुसती बघत बसली. मी सरळ मोटारसायकल काढली आणि शिक्षकांच्या पतसंस्थेत गेलो.

इथून पुढचं तुम्ही बसून वाचा. पतसंस्थेच्या अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात शिक्षण, लग्न, घरदुरुस्ती, आजारपण अशी छापील कारणं आहेत आणि शेवटी ‘इतर (सविस्तर लिहा)’. मी प्रामाणिक माणूस. मी ‘इतर’वर खूण केली आणि सविस्तर लिहिलं: समुद्र पाहणे. तिथला कारकून बबलू (नाव बबलू, वय त्रेपन्न, गेल्या वर्षी आजोबा झाला) तो अर्ज वाचून आधी माझ्याकडे, मग पंख्याकडे पाहायला लागला. म्हणाला, “गुरुजी, ‘इतर’मधी आजपोहत म्हैस आली, बोअर आलं, एकानं घोडं बी घेतल्तं. समुद्र कोणी घेतला न्हाई.” मी म्हणालो घ्यायचा नाही, पाहायचा आहे. त्यावर तर तो आणखीच काळजीत पडला. म्हशीला दूध आहे, बोअरला पाणी आहे, नुसतं पाहायला पैसे दिले तर संचालक मंडळ मला पाहून घेईल, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं नवा कोरा अर्ज काढला, आवाज खाली आणला आणि भल्या मनानं सल्ला दिला, “आजारपण लिवा. आजारपणाला कोणी काई विचारत न्हाई.”

मामा, मी इथं चुकलो. मी आजारपण लिहिलं. त्याच्या खाली ‘रुग्णाचे नाव व अर्जदाराशी नाते’ असा बारीक अक्षरातला एक रकाना होता, तोही घाईघाईत भरला (त्याचं सांगतो, पण पत्रात ज्याची त्याची जागा असते), आणि सही ठोकली. जामीनदार म्हणून आमचे मुख्याध्यापक आणि वंदना मॅडम यांनी डोळे झाकून सह्या केल्या. कर्ज चार दिवसांत मंजूर. बबलूचं बोलणं पतसंस्थेपुरतं बिलकुल बरोबर होतं. पण पतसंस्थेच्या पायऱ्या उतरल्या की खाली आपलं गाव आहे, आणि आपल्या भागात घरदुरुस्तीला कोणी विचारत नाही, लग्नाला पत्रिका आली तरच विचारतात, पण आजारपण म्हटलं की बघायला जावंच लागतं, हे मी विसरलो. अर्धा किलो मोसंबी, बिस्किटाचा पुडा, आणि अगदी असंच दुखणं झालेल्या नि त्यातून न उठलेल्या एका माणसाची गोष्ट, एवढं घेऊन माणसं येतात. नाही गेलं तर वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. मी स्वतः जन्मभर अशी मोसंबी वाहिली आहेत. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वेक्षणाच्या कामातून माझं नाव काढलं. मंगळवारी उषाबाई भरल्या डोळ्यांनी आमच्या घरी वरणाचं पातेलं घेऊन आल्या आणि संध्याला म्हणाल्या, “धीर धर, बाई. औषधं लई सुधारलीत.” आपल्याकडे दुखण्याचं आणि दुखणाऱ्याचं नाव तोंडानं काढत नाहीत, त्यामुळे कोण आजारी हे काही त्या बोलल्या नाहीत. संध्यानं तिच्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला की आजारी मीच आहे आणि ते मी तिच्यापासून लपवून राहिलो आहे. ती मला काही बोलली नाही. फक्त सकाळी दोन अंडी, रात्री दूध आणि मध्ये पालक सुरू झाला. मी बोलणार होतो, मामा. पण काल तिनं गावरान कोंबडी केली, मला आग्रह करकरून वाढली, आणि माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की तशी माया मी लग्नानंतर फक्त माझ्या नसबंदीच्या वेळी पाहिली होती. मी गप्प बसून तिसऱ्यांदा रस्सा मागितला. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि रस्सा फार चांगला झाला होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तर अशी परिस्थिती आहे. चेक तयार आहे, सोमवारी सही होऊन हातात येईल. अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही वडीलधारे आहात, तीन डेपोंत नाव कमावलेलं, एकतीस वर्षांत एक दिवससुद्धा आजारपणाची रजा न घेतलेलं माणूस आहात (त्याचं प्रमाणपत्र तुम्ही बाहेरच्या खोलीत लावलं आहे, पलंगाच्या बरोबर वर). कर्ज काढून लेकीला समुद्र दाखवावा की नाही, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द मी मोडणार नाही. मामींना जय भीम, शेळीला पाला. पोरं दोघांची आठवण काढतात, पायल खरोखर आणि सुमित सांगितल्यावर. प्रकृतीला जपा, विशेषतः रविवारपर्यंत.

तुमचा,
राजानंद

ता. क. रविवारपर्यंत का, असं तुमच्या मनात आलंच असेल. तो बारीक रकाना आठवतो ना, रुग्णाचे नाव व नाते? तिथं मी ‘तातेराव, सासरे’ असं लिहिलं आहे. माझे आई-वडील हयात नाहीत, स्वतःचं लिहिलं तर सुट्टीतलं फिरणंच बंद झालं असतं, बायको-पोरांचं लिहायला हात धजला नाही. उरलं कोण? शिवाय मी विचार केला की सगळ्यात ठणठणीत माणसाचं नाव लिहावं, म्हणजे अपशकुनाला जागाच नाही. आजार फार मोठा लिहिलेला नाही. मणका. ऑपरेशनची शक्यता.

ता. क. रविवारी सकाळी अकरा वाजता मुख्याध्यापक, वंदना मॅडम आणि बबलू असे तिघं रामरावांच्या पांढऱ्या गाडीतून तुम्हाला बघायला केदारखेड्याला येत आहेत. मी खूप सांगितलं की लांब पडतं. मुख्याध्यापक म्हणाले, माणुसकीला काय लांब. तेव्हा मामा, तुमच्यापुढे हात जोडून एकच मागणं, सल्ला नाही दिलात तरी चालेल: रविवारी अकरा ते एक बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर निळी चादर पांघरून जरा पडून राहाल का? त्या दिवशी सकाळी पत्र्यावर चढू नका. शेजारच्याच्या ट्रॅक्टरखाली शिरू नका. उठताना एक हात टेकता तसे दोन टेका. मामींना सांगा की मटणाचा बेत नको, आणि ते प्रमाणपत्र दोन तासांपुरतं खाली उतरवून ठेवा. निवृत्तीनंतरचं आजारपण नोकरीत धरत नाहीत, त्यामुळे तुमच्या रेकॉर्डला धक्का नाही. मी चौकशी केली आहे.

ता. क. संध्याला यातलं एक अक्षर कळू देऊ नका. तिच्या बापाला मी अंथरुणावर पाडलं हे तिला कळलं तर समुद्र बाजूलाच राहील. हा अर्धा कागद शाळेत लिहिला, उरलेला घरी लिहून राहिलो आहे, ती समोर शिलाई मशीनवर बसली आहे आणि तिला वाटतं मी पेपर तपासतो आहे. पाकिटाला डिंक नाही, तेव्हा तिच्याकडूनच कणकेची खळ करून घेऊन चिकटवून घेतो आणि सकाळी गाडीवर देतो.

बाबा, मी संध्या. खळ लावायला पाकीट माझ्याच हातात दिलं होतं, म्हणून वाचलं. आधी बसले, मग खूप हसले, मग रडले. हे आत झोपलेत, कोंबडी पचवून राह्यलेत. ती अंडी आणि ती कोंबडी मी व्याजासकट वसूल करीन, त्याची काळजी तुम्ही करू नका.

पण रविवारी तुम्ही झोपा. खरंच झोपा. मी शाळेत होते तेव्हा तुम्हाला ताप असायचा आणि तुम्ही डोक्याला रुमाल बांधून गाडी काढायचे, मला आठवतं. एक दिवस झोपून पाहा कसं वाटतं. मोसंबी परत करू नका, वाटेत खायला होतील. आणि मुख्याध्यापकांनी विचारलं डॉक्टर काय म्हणाले, तर सांगा, हवापालट सांगितली आहे, समुद्राची, आणि जावई नेऊन राह्यलाय. म्हणजे अर्जात लिहिलेलं खोटं राहत नाही आणि ह्यांना चौथीच्या मुलांसमोर उभं राहता येतं.

तर आपण सहा जण होतो. आईला सांगा, उलटी होत असेल तर पुढं बस. गाडी भाड्यानं घेऊ पण ड्रायव्हर घेणार नाही, तेवढ्या पैशात तुमचं दोघांचं भागतं. जालना जाईपर्यंत गाडी हे चालवतील, तुम्ही मागच्या सीटवर चादर पांघरून कण्हत पडायचं, कारण रस्त्यात टेंभुर्णीची माणसं भेटतात. शहर ओलांडलं की चादर घडी करायची आणि स्टिअरिंग घ्यायचं. ह्यांच्या हातात घाट देणार नाही मी.

मी दुसरीत होते तेव्हा तुम्ही सगळा समुद्र माझ्यासाठी एका बाटलीत आणला होता आणि मी तो संपवून टाकला. तुम्हाला वाटलं असेल पोरीला आवडला नाही. मला अजून पाहिजे होता. या खेपेला बाटली आणू नका, बाबा. नुसते या.